रामजीच्या ट्रेलरवरची खपली

रामजीच्या ट्रेलरच्या तळाला काँक्रीटची चार बोटं जाड खपली धरली होती. महाडला पासिंगच्या साहेबांनी तिच्याकडे बोट दाखवून बजावलं होतं, "हे काढून आण, तरच पासिंग. उद्या शेवटची तारीख." पासिंग झालं नाही, तर ट्रेलर दारात आणि फेऱ्या दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला, हे उघडच होतं.

ही खपली वाडीच्या नव्या रस्त्याची. कामाच्या पहिल्या दिवशी इंजिनियरसाहेब जातीनं उभे होते, म्हणून ठेकेदार यशराजशेठनं मालात सिमेंट घातलं. संध्याकाळी मटणाचं जेवण होतं, त्या गडबडीत ट्रेलर धुवायचा राहिला. दुसऱ्या दिवसापासून साहेब आले नाहीत आणि सिमेंटही आलं नाही. एका पावसाळ्यात रस्त्याची चाळण झाली, ट्रेलरवरचा मात्र टवका उडाला नाही.

"तांब्याचा हंडा आमसुलानं निघतो, मग ह्ये का नाय निघनार?" बायको तुळसा म्हणाली. रामजीनं वर्षभर पुरणारं कोकमाच्या रसाचं आगळ ओतलं. काँक्रीटला जांभळा रंग चढला आणि वाडीभरच्या माश्या पाहुणचाराला आल्या.

"वाटीभर म्हनले व्हते मी, बरनीभर नाय!" तुळसा कडाडली.

शेजारचा धोंडू पहार घेऊन आला. तासभर ठोकून पहारीचं टोक वाकलं.

"रामज्या, रस्ता ह्याच मालाचा ना रे? तो तर माझ्या रेड्यानं शिंगानं उकरला!"

शेवटी जॅक लावून ट्रेलर तिरका केला आणि रामजीनं खालून घण घातला. दहाव्या घावाला अर्ध्या दाराएवढी खपली अखंड सुटली, घसरली आणि दारासमोरच्या रस्त्यातल्या खड्ड्यात मापानं शिवल्यासारखी बसली. ट्रेलर लख्ख! रामजीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात जीप आली. रस्त्याची तक्रार गेली होती, म्हणून इंजिनियरसाहेब तपासणीला आले होते. बरोबर घामाघूम यशराजशेठ. शेठनं खड्ड्यातली खपली पाहिली आणि साहेबांना हाताला धरून तिच्यावरच उभं केलं.

"इथं ठोका, साहेब."

साहेबांनी हातोडी मारली. ठण्ण! "वा! जांभळट का दिसतंय?"

"इथल्या मातीचा गुण, साहेब."

साहेबांनी उरलेला रस्ता जीपमधूनच पाहिला, कागदावर सही केली आणि म्हणाले, "आता तुमच्या पुढच्या चार वाड्यांचे रस्ते."

शेठनं रामजीला बाजूला घेतलं. "रामजी, साहेब चहाला बसलेत तोवर ही खपली ट्रेलरवर चढव. आडवाटेनं आमच्या आधी पुढच्या वाडीत पोचून तिथल्या खड्ड्यात बसवायची."

"शेठ, उद्या पासिंग हाय माझं!"

"पासिंगचं मी बघतो रे! आपली ओळख आहे. नाहीतर पुढच्या कामाला ट्रेलर काय, कोणाचाही मिळतो."

रामजीनं तुळसाकडे पाहिलं. तुळसानं रिकाम्या बरणीकडे पाहिलं. आठ जणांनी खपली उचलून पुन्हा ट्रेलरवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी महाडला शेठचा फोन काही लागेना. पासिंगच्या साहेबांनी ट्रेलरमध्ये डोकावून कपाळाला हात लावला.

"काल काढायला सांगितलं होतं ना?"

"काढली व्हती, साहेब," रामजी हात जोडून म्हणाला. "पन अजून दोन वाड्या ऱ्हायल्यात. ती आता सरकारी कामावर हाय."