स्वस्त ब्रेकची सुनावणी

मंगळवारी सकाळी अकरा वाजता, नांदूरखुर्द नगरपंचायतीच्या सभागृहात, सुनंदा भोईटे हिच्या सायकलचा मागचा ब्रेक साक्षीला उभा राहिला.

प्रकरण साधे होते. सुनंदा गावची आशासेविका. दसऱ्याच्या दिवशी टेकडीचा उतार उतरताना तिचा ब्रेक लागला नाही आणि सायकल नगराध्यक्षांच्या वाढदिवसाच्या फलकात घुसली. सुनंदाचे कोपर सोलवटले. फलक नगराध्यक्षांच्या मिशीपासून खाली फाटला. त्या उतारावर दिवा लावा, असे गाव कित्येक वर्षे ओरडत आहे, त्याची दखल कुणी घेतली नाही. फलकासाठी मात्र लगोलग समिती बसली. बाजारातला सर्वांत स्वस्त ब्रेक रोजच्या वापराला पुरेसा आहे का, एवढेच समितीने ठरवायचे होते. नसेल, तर सायकल भंगारात. मग टेकडीपलीकडच्या वस्तीवर बाळंतिणींना भेटायला सुनंदा कशी जाणार, हा विषय समितीच्या कक्षेत येत नव्हता.

अध्यक्षस्थानी डॉक्टर कुलथ्यांच्या दिवाणखान्यातली सायकलची कार्बनची फ्रेम होती. परदेशातून आणल्यापासून ती भिंतीवरच टांगलेली असल्याने तिच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. सायकलींच्या बाबतीत गाव तिचाच शब्द प्रमाण मानत असे.

तिने ब्रेकला कंपनी विचारली. त्याने नम्रपणे सांगितले की अंगावर कुणाचेच नाव नाही.

“त्या दिवशी थांबवलं का नाहीस?”

ब्रेक घुटमळला. “ताईंसमोर सांगायला नको वाटतं, अध्यक्षबाई.”

“सांग रे,” सुनंदा म्हणाली. “कोपर बरं झालंय माझं.”

“खंडेनवमीला ताईंनी सायकल पुसली. चकाकावी म्हणून रिमला खोबरेल तेल चोळलं. मग मला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. मला आजवर कुणी फूल वाहिलं नव्हतं. एवढं झाल्यावर तेलाचं कसं बोलायचं?”

सुनंदाला शिवणयंत्र आठवले, विळी आठवली. त्या दिवशी तिने सगळ्यांनाच त्याच हाताने तेल लावले होते. रिम मात्र कोरडी हवी, हे तिच्या ध्यानातच आले नव्हते.

अध्यक्षबाईंना हे पटले नाही. तेल नसते तर हा लागला असता, याला आधार काय, असे त्यांनी विचारले. आधार उतारावरच मिळेल, असे लिपिक धवळे म्हणाले. फक्त चाचणीला अध्यक्ष जातीने हजर हवेत. अध्यक्षबाईंना चाके नव्हती. तेव्हा सुनंदाने राखेने रिम घासली, ब्रेक जागेवर बसवला आणि धवळ्यांनी अध्यक्षबाईंना सुतळीने कॅरिअरवर बांधले.

उतार सुरू झाला. सायकल खडखडू लागली.

“हे काय आहे?” मागून प्रश्न आला.

“खडी.”

“आणि हे अंगाला लागतंय ते?”

“वारा, अध्यक्षबाई. घट्ट बसा.”

समोर नगराध्यक्षांचा नवा फलक आला. सुनंदाने ब्रेक दाबला. तो गल्ली जागी होईल असा किंचाळला, थरथरला, आणि सायकल मिशीपासून हातभर अलीकडे थांबली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “पुरेसा आहे. रोजच्यासाठी पुरेसा आहे.”

सुनंदा खाली उतरली आणि तिने ब्रेकला हात लावून नमस्कार केला. वस्तीवरची आठ दिवसांची बाळंतीण सकाळपासून तिची वाट पाहत होती.

“फार उपकार झाले तुझे,” ती म्हणाली.

“फूल तेवढं वाहत जा, ताई. तेल नको.”

डॉक्टरांचे घर समोरच होते. सुनंदा सुतळीची गाठ सोडायला वाकली.

“तू वस्तीवर निघालीस ना?” अध्यक्षबाईंनी विचारले.

“हो.”

“मग राहू दे ती गाठ.”

तेव्हापासून त्या रोज कॅरिअरवरून वस्तीवर जातात. अंगावर ओरखडे पडले आहेत; बाळंतिणींना त्या ते कौतुकाने दाखवतात. डॉक्टरांच्या भिंतीवर नुसता खिळा उरला आहे. इकडे एका प्लास्टिकच्या पेडलचे प्रकरण सुनावणीला लागले आहे. अध्यक्षस्थानी कोण बसणार, हे नगरपंचायतीने अद्याप सांगितलेले नाही.