इन्क्युबेटरगडावरील बुरशीच्या स्वारीची हकीकत

कल्याण असो. भागानगर प्रांती, हैदराबादेस, एका विद्यापीठाचे तिसरे मजल्यावर पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा आहे, तेथे जे तुंबळ युद्ध जाहले आणि ज्यात एक मिशी खर्ची पडली, त्याची साद्यंत हकीकत परिसिजे. वाचणाराने हात स्पिरिटाने पुसोन मग पुढे जावे.

हिमबिंदु नामे कन्या, गुंटूर परगण्यातील, ही विद्या शिकावयास रुजू जाहली. प्रयोगशाळेच्या धनीण सत्यवाणी मॅडम, दरारा मोठा. आणि विद्या देणारे ज्येष्ठ संशोधक राजमान्य कोटेश्वर अन्ना, मिशी पीळदार. अन्नांनी शिकविले की हातमोजे चढवावे आणि मग स्पिरिट शिंपावे, आणि उघडे बाटलीवरोन हात नेऊ नये, आणि शिंक येता मुलूख सोडोन पळावे. हिमबिंदुबाईने सर्व आत्मसात केले आणि पेशी इन्क्युबेटरगडी उबेस ठेविल्या आणि गुलाबी पोषकद्रवाची रसद वक्तशीर पोचती केली. पेशींवर तिचा जीव जडला.

मग दसरा आला. शस्त्रपूजेचे रिवाजाप्रमाणे यंत्रांस हळदकुंकू जाहले. मॅडमांची सख्त ताकीद की पूजा गडाचे दाराबाहेरोन करावी, आत फुलाची पाकळीही जाऊ नये. दसरा सरला आणि पाठोपाठ गनीम आला. रसदेवर पांढरी लव दिसों लागली, बुरशीने बाटल्यामागोन बाटल्या काबीज केल्या आणि पेशी हकनाक मेल्या. बाई हवालदिल जाहली. आधी तिने पंख्यावर आळ घेतला आणि मग एसीवर, आणि अखेर नजर अन्नांकडे वळली.

"अन्ना, राग मानू नका, पण बुरशी तुमच्या मिशीतून येतेय."

"वेडी का काय! मुलीकडचे मिशी बघून हो म्हणालेत!"

"मास्कच्या दोन्ही बाजूंनी टोकं बाहेर येतात हो. मी काय करू?"

इतक्यात मॅडमांचे फर्मान सुटले, की नायट्रोजनचे थंड तळघरी या पेशींची एकच कुपी उरली आहे, तीही नासली तर हिमबिंदूने पेशींस हात लावू नये, उंदरांचे पिंजरे धुवावे. बाईचे डोळे भरोन आले. ते अन्नांस पाहवेना. दुसरे दिवशी ते आले ते ओठ सफाचट करोन. बाईने खाली मान घालोन आभार मानिले.

मग कुपी उघडण्यापूर्वी गड झाडोन घेण्याची मसलत ठरली. बाईने फळ्या काढिल्या, आणि मग ओलाव्यासाठी तळाशी ठेविलेले पाण्याचे तबक ओढिले, तो मागे हिरव्या लवेने माखलेले एक लिंबू, त्यास लाल दोरा! दोरा तिचाच. पेशींस दृष्ट लागों नये म्हणोन दसऱ्यास तिने स्वहस्ते हा पहारेकरी चोरोन बसविला होता, आणि फितूर तोच निघाला.

"अन्ना, हे माझंच हो! पेशींना दृष्ट लागू नये म्हणून..."

अन्नांनी उघड्या ओठावरोन बोट फिरविले. "पेशींचं राहू दे. माझ्या मिशीला लागली की गं!"

ऐसे म्हणोन त्यांनी आत हात घातला, तो दुसरे लिंबू हाती आले. याचा दोरा पिवळा.

"आणि हे?"

"आईशप्पथ, हे माझं नाही!"

दारी मॅडम उभ्या होत्या. लिंबू पाहोन त्यांचा चेहरा पडला.

"ठेव ते बाजूला," त्या हळूच म्हणाल्या. "ग्रँटचा निकाल होता माझा."

मग तिघांनी मिळोन गड स्पिरिटाने धुतला आणि तबक उकळोन पाणी बदलिले आणि कुपी उबेस आणिली. बाईने श्वास रोखोन पेशी बाटलीत सोडिल्या. दुसरे दिवशी सूक्ष्मदर्शकातोन पाहते तो पेशी तळास घट्ट बिलगलेल्या, पाय पसरोन बैसलेल्या, आणि लवेचा मागमूस नाही. बाई तेथेच रडली, आणि अन्नाही डोळे पुसों लागले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. गनीम नेस्तनाबूत, पेशी सुखरूप, कोटेश्वर अन्नांची मिशी कामी आली. ती पूर्वपदास येईतो अन्नांच्या पेशींस रविवारची रसद हिमबिंदूने पोचवावी, ऐसा हुकूम जाहला. हल्ली गडाचे दाराबाहेर दोन ताजी लिंबे टांगलेली असतात, एक लाल दोऱ्याचे, एक पिवळ्या. अन्ना येता जाता त्यांस हात जोडितात आणि ओठ चाचपोन पाहतात.