तुरीचा भाव बदलणारा मन्मथ

मी काही लिहिणारा नव्हे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, तेवढ्या बळावर हे धाडस करतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या शेजारचे विश्वनाथअप्पा कॉम्प्युटरला हात जोडून "शरणार्थ" असा नमस्कार करत. मगच मी बाजारभावाचं पान उघडायचं. घाटनांदुरात त्यांचं किराणा दुकान. तुरीचा व्यापार कधीच सुटलेला, तरी माझ्याबरोबर एसटीनं अंबाजोगाईच्या नेट कॅफेत येऊन ते तुरीचा भाव बघत.

आडतीत फळ्यावर खडूनं भाव लिहिणारा माणूस असतो. तसा इथंही पलीकडं कुणी बसला असणार, आणि तो आपला मन्मथच, अशी त्यांची खात्री. मन्मथ त्यांचा मुलगा, बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत. "असली पानं आमीच करतो," असं एकदा सुट्टीत आला तेव्हा म्हणाला होता. त्याच खेपेला दुकानात बसणार नाही म्हणून भांडून परत गेला, तेव्हापासून फोन नाही. अप्पांच्या खिशात नंबर होता, पण फोन त्यानंच करायचा, हा त्यांचा हट्ट. भाव बदलला की अप्पा निवांत. "कामावर हाय. बरा हाय."

एकदा म्हणाले, "त्या डब्यात लिही, जेवलास का."

"अप्पा, तिथं मालाचं नाव लिहितात."

"लिही की बे."

लिहिलं. असा माल आढळला नाही, असं उत्तर आलं.

"ल्हानपणापासून त्याला भूकच न्हाई," अप्पा म्हणाले.

पुढं दुसऱ्या एका पानावरही तेच भाव दिसले. मी कॉलेजातल्या सरांना विचारलं. एका जागचे आकडे अनेक पानं आपोआप उचलतात, असं ते म्हणाले. मला अर्धंच कळलं. तेवढं अप्पांना सांगितलं.

"आपोआप? दुकानाचं शटर बी आपोआप उघडत न्हाई. दोन्हीकडं त्योच भरतोय. लई राबवतेत पोराला."

मग तुरीचा भाव एका आकड्यावरच अडकला. पुढच्या खेपेलाही तोच. अप्पांचा चेहरा उतरला. "आजारी असंल बे," म्हणाले आणि उठून थेट समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. मी काचेबाहेर उभा. पहिलं वाक्य ऐकू आलं, "जेवलास का?" नंतर ते नुसतं ऐकत राहिले.

बाहेर येऊन पायरीवर बसले.

"बरा हाय. पानाचं काम कवाच सोडलंय म्हणतो."

माझ्याकडं बघून म्हणाले, "मग इतके दिस आपण कुणाला इचारत व्हतो रे?"