आत्याबाईंची सर्दी आणि पाळण्याची नाकेबंदी

श्रीअंबाबाईचे चरणी मस्तक ठेवून आणि श्रोतेजनांस दंडवत घालून, सांप्रत करवीर शहरी मंगळवार पेठेत जे युद्ध जाहले, ज्यात तोफ डागली नाही आणि रक्त सांडले नाही, परंतु साबणाच्या वड्या उदंड खर्ची पडल्या, त्याची हकीकत जैसी ऐकिली तैसी लिहितो. वाचणारांनी चित्त द्यावे, आणि घरी तान्हे असल्यास आधी हात धुवावे, मग पान उलटावे.

राजश्री पृथ्वीराज हे उद्यमनगरात लेथ मशिनीवर कामास. लोखंड त्यांचे हाती लोणी होत असे, परंतु स्वभाव ऐसा नरम की रिक्षावाल्याने जादा मागितले तरी वर आभार मानून येत. त्यांचे कुटुंब सौभाग्यवती क्रांतीबाई, कोडोलीकरांची लेक. पहिले बाळंतपण कोडोलीस माहेरी व्हावे ऐसा दोन्ही घराण्यांचा करार होता, आणि क्रांतीबाईंच्या मातुःश्री विठाबाई यांनी डिंक, खारीक, अळीव यांची रसदही भरून ठेविली होती. परंतु कन्यारत्नाने मुदतीची वाट न पाहता एकाएकी कूच केले, आणि शहरातच इस्पितळ गाठणे प्राप्त जाहले. कन्या ऐसी अल्प की पित्याचे तळहातात मावावी, आणि श्वास घेताना बरगडी बरगडी दिसावी. मग तीस काचेच्या पेटीत ठेविले, नळ्या लाविल्या, आणि पृथ्वीराज त्या काचेस कपाळ टेकून उभे राहिले ते शिपायाने खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

पुढे श्रीकृपेने कन्येस उतार पडला आणि घरी न्यावयाचा हुकूम जाहला. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी उभयतांस हुजूर बोलावून फर्माविले की, सहा महिने आईचे दुधावाचून पोटात काही जाऊ देऊ नये, पाणी नाही, घुटी नाही, आणि मध तर वर्ष भरेतो बोटाससुद्धा लावू नये; जो कोणी उचलील त्याने साबणाने हात धुतल्याशिवाय उचलू नये; मुका कोणी घेऊ नये, मग तो कितीही थोर असो; आणि ज्यास सर्दी, खोकला, ताप असेल त्याने उंबरठ्याबाहेरूनच आशीर्वाद द्यावा. पृथ्वीराजांस निराळे फर्मान की, सदरा काढून लेकीस उघड्या छातीशी धरून बसावे, त्याने तिला ऊब मिळते आणि वजन धरते. राजश्री लाजले, परंतु बसले; आणि मग ऐसे बसले की विठाबाईंस लेकीच्या हाती बाळ देण्यासाठी जावयाशी झगडावे लागे.

घरी येताच कोटाचा बंदोबस्त केला. दाराबाहेर पाण्याची बादली, तांब्या, साबण आणि धुतलेला पंचा ऐसी चौकी बसविली. पहिला हल्ला पृथ्वीराजांचे चुलते आकारामतात्या यांचा आला. तात्या तळहातावर तंबाखू मळीत मळीत आले आणि तैसाच हात बाळाचे गालाकडे नेला. क्रांतीबाईंनी मधेच पंचा धरिला. तात्यांनी हात धुतले, मिशीसुद्धा धुतली, आणि बाहेर पडताना सर्व पेठेस सांगत गेले की पिरथ्याच्या घरात आता सरकारी दवाखाना झाला हाय.

ऐसे एकेक मोर्चे परतविले, तो बारशाचा दिवस ठरला आणि मलकापुराहून खबर आली की खाशी स्वारी निघाली. ही स्वारी म्हणजे पृथ्वीराजांच्या वडील भगिनी शालूबाई. पृथ्वीराजांची आई ते लहान असतानाच वारली. मग शालूबाईंनी आपले लग्न लांबवून या भावास न्हाऊ घातले, शाळेत घातले, पाटीवर अक्षरे गिरवून घेतली आणि चुकला तेव्हा पाठीतही घातले. सबब शालूबाईंनी बस म्हणावे आणि पृथ्वीराजांनी बसावे, हा रिवाज. शिवाय नाव ठेवण्याचा हक्क आत्याचा. तो हक्क ब्रह्मदेवासही काढून घेता येत नाही. परंतु काचेच्या पेटीची खबर आक्कांस दिली नव्हती. त्यांचे काळजास घोर लागेल ऐसा पृथ्वीराजांचा विचार, आणि त्यास कारणही होते, ते पुढे येईल.

बारशाचे दिवशी दारात मांडव, पाळण्यास झेंडूच्या माळा, पेढे, घुगऱ्या, सर्व सिद्धता जाहली. दुपार कलताच शालूबाई एस्टीतून उतरून चालत आल्या. एका हाती झबली-टोपऱ्यांची पिशवी, दुसऱ्या हाती जंगली मधाची बाटली, आणि नाक लाल. मांडवात पाऊल पडताच त्यांनी ऐसी सणसणीत शिंक दिली की एक फुगा फुटला. तो शिंकेने फुटला ऐसे लोक सांगतात. परंतु ते अतिशयोक्त दिसते, उन्हाने फुटला असावा.

पृथ्वीराज दारात आडवे उभे होते.

"सरक की रं बाजूला," शालूबाई म्हणाल्या. "लेकीला बघू दे."

"आक्का, तुला सर्दी हाय."

"हाय की! मग? एस्टीच्या खिडकीतनं वारं लागलंय जरासं. सरक."

"न्हाय."

हा शब्द पृथ्वीराजांचे मुखातून आक्कांसमोर जन्मात प्रथमच निघाला. तो ऐकून मांडवातील भांडी वाजायची थांबली. आतल्या खोलीत क्रांतीबाई बाळास पाजीत होत्या, त्यांनी तिथूनच आवाज दिला, "वन्सं, रागावू नका. बऱ्या झाल्यावर पोटभर घ्या की तिला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

मग शालूबाई जे बोलल्या त्यापुढे तोफखाना फिका. "डाक्टरीण शाणी, आन् आमी खुळं व्हय? ह्याला मी वाढीवला! सर्दीत वाढीवला, पडश्यात वाढीवला, मेला का हा? आं? आज मलाच दारातनं हाकलतोय!" ऐसे म्हणून पिशवी विठाबाईंचे अंगावर टाकिली, बाटली त्यांचे हाती कोंबिली आणि पाठ फिरविली. परंतु मलकापूरची एस्टी निघून गेली होती, आणि रागाने पायही चालेनात. म्हणोन शेजारच्या चाँदबींच्या दारातील कट्ट्यावर जाऊन बसल्या. चाँदबींनी काही न विचारता आल्याचा चहा आणून ठेविला.

इकडे कोटात फितुरी जाहली. विठाबाईंनी बाटली पाहिली, मध सोन्यासारखा, आणि त्यांचे मन पालटले. मग पाळण्याकडे पाठ करून त्यांनी करंगळी मधात बुडविली आणि पदराआड धरून नातीजवळ आल्या. क्रांतीबाईंनी त्यांचे मनगट धरिले.

"आई, न्हाय."

"आगं, बोटभर. तुला बी चाटीवला हुता की. काय झालं तुला?"

"मला काय झालं न्हाय, म्हणून हिला हुणार न्हाय कशावरनं? तान्ह्याच्या पोटाला मध सोसत न्हाय आई, त्यातनं लई वाईट आजार हुतो. ती आत्ता कुठं श्वास घ्यायला शिकलीया."

विठाबाई त्या बोटाकडे पाहत राहिल्या. मग ते बोट त्यांनी आपल्याच तोंडात घातले आणि डोळे पुसले. ऐसी फितुरी मोडिली.

पृथ्वीराज मात्र मांडवात वेड्यासारखे फिरत होते. पाहुणे जमू लागले, बायका पाळण्याची गाणी जुळवू लागल्या, आणि नाव ठेवणारी शेजारच्या कट्ट्यावर पाठमोरी. शेवटी ते मांडवाबाहेर पडले, कट्ट्याजवळ गेले आणि आक्कांचे पायाशी खालच्या पायरीवर बसले.

"आक्का, ती पेटीत हुती."

"कसली पेटी?"

"काचंची. दवाखान्यात. श्वास घ्यायला येत नव्हता तिला. नळ्या लावल्या हुत्या नाकाला."

शालूबाईंनी चहाची कपबशी खाली ठेविली. "आन् मला कुनी सांगितलं न्हाय."

"तुला तुझी आठवली आसती."

येथे लेखणी थोडी थांबवितो. शालूबाईंची पहिली लेक पाळण्यातच गेली होती, आणि ती गोष्ट या घरात कोणी उच्चारीत नसे. एक भाजीची गाडी गेली, एक पोर सायकलवरून गेले.

मग त्या हळू म्हणाल्या, "माझी बी आशीच हुती रं, एवढुशी. बारशाला सगळ्यांनी घेतली. ह्याच्या हातातनं त्याच्या हातात. कुनाला तरी खोकला हुता, मला ऐकू येत हुता. मी बघत बसले. सासू काय म्हनंल म्हनून तोंड उघडलं न्हाय."

पृथ्वीराजांनी त्यांचे पाय धरिले. शालूबाईंनी ते सोडवून घेतले, नाक शिंकरिले, पदर नाकातोंडावरून घट्ट आवळून मागे गाठ मारिली आणि उभ्या राहिल्या.

"बादली कुठं हाय? आन् साबन?"

तेथून युद्धाचा रंग पालटला. शालूबाईंनी मांडवाचे तोंडाशी, पाळण्यापासून दूर, खुर्ची मांडिली आणि सरसेनापतिपद आपण होऊन घेतले. जो येई त्याचे हात कोपरापर्यंत धुवविले. एका मावशींनी, मी देवळातनं आलेय, ऐसी सबब सांगितली. त्यांस उत्तर मिळाले की देवीला सर्दी हुत न्हाय, बाळाला हुती. आकारामतात्या खोकत खोकत आले तेव्हा पदराआडून गर्जना जाहली, "तात्या! तिथंच! मी सख्खी आत्या असून भाईर बसलीया, तुमी कोन टिक्कोजी लागून गेलासा?" तात्या मागचे पावली परतले आणि मांडवाबाहेर उभे राहून पेढा खाल्ला.

मग नावाचा प्रश्न आला. आकारामतात्यांनी बाहेरूनच सुचविले की नाव दुसऱ्या कोणी ठेवावे, मुहूर्त टळतो. तेव्हा क्रांतीबाई बाळास घेऊन दारात आल्या आणि सर्व पाहुण्यांसमक्ष जाहीर केले की, हक्क वन्संचा आहे, तो दुसऱ्यास देणे नाही. वन्संची सर्दी जाईल तेव्हा नाव ठेवू, तोवर मुलगी बिननावाची राहील, तिचे काही अडत नाही. शालूबाईंनी पदराआड काय केले ते कोणास दिसले नाही, परंतु खांदे हलत होते.

ऐसे करवीर शहरी नावावाचून बारसे जाहले. पाळणा हलला, गाणी जाहली, घुगऱ्या वाटल्या, आणि गाण्यात नावाचे जागी बायकांनी गुणगुणून वेळ मारून नेली. पाहुणे घरी जाताना कुजबुजले. कुजबुज हातावर बसत नाही, म्हणोन तीस साबण लाविला नाही.

शालूबाईंचा मुक्काम चाँदबींकडे पडला. तेथे वाफारा, काढा आणि गप्पा यांचा मारा सुरू जाहला, आणि जंगली मध दोघींनी भाकरीबरोबर मिटक्या मारीत फस्त केला. रोज सकाळी शालूबाई कट्ट्यावर येत, आणि पृथ्वीराज उघड्या छातीशी लेक धरून आपल्या खिडकीत उभे राहत. "वजन वाढलं काय रं?" ऐसे तिकडून विचारीत, आणि "वाढतंय की!" ऐसे इकडून उत्तर जाई. पेठेतल्या लोकांस हे पाठ जाहले.

पुढे नाक कोरडे जाहले, खोकलाही राहिला नाही. तरीही शालूबाईंनी आणखी वाट पाहिली, डॉक्टरीणबाईंस विचारून घेण्यास पृथ्वीराजांस पिटाळिले, आणि रुकार येताच हात धुऊन, धुतलेले लुगडे नेसून कोटात दाखल जाहल्या. क्रांतीबाईंनी बाळ त्यांचे मांडीवर ठेविले आणि डोक्याखाली हात कसा द्यावा ते दाखविले. शालूबाईंस ते येत होते, परंतु त्यांनी दाखवू दिले. मग कानाशी वाकून हळूच काही सांगितले. मुका घेतला नाही.

"काय ठेवलं आक्का?" पृथ्वीराजांनी पुसले.

"तेजस्वी," शालूबाई म्हणाल्या, आणि जरा थांबून, "माझीचं बी ह्येच ठेवायचं हुतं, पन हक्क नणंदेचा."

क्रांतीबाईंनी मान हलविली आणि लेकीस त्या नावाने हाक मारिली.

निघते दिवशी पृथ्वीराज आक्कांस एस्टी स्टँडावर पोहोचवावयास गेले. गाडी लागली, शालूबाई खिडकीशी बसल्या, आणि गाडी हलता हलता भावास म्हणाल्या, "मला न्हाय म्हनलास. लई वाईट वाटलं बघ." मग काच ओढून घेतली, पुन्हा उघडली, आणि ओरडल्या, "आसाच ऱ्हा!"

येणेप्रमाणे मोहीम पार पडली. तहात शालूबाईंस आत्यापणाचे सर्व हक्क बहाल जाहले, विठाबाईंची फितुरी माफ जाहली, आकारामतात्यांचा खोकला अद्याप जारी असल्याने त्यांस सीमेबाहेर पेढे पोहोचविण्याचा शिरस्ता पडला. कोटात एकही शिंक शिरली नाही. चिरंजीव तेजस्वीबाई दूध पिऊन बापाचे छातीवर निजल्या आहेत, आणि बापास नाक खाजवावयाचे आहे, परंतु हात हलवीत नाही. सबब फत्ते जाहली ऐसे लिहिले असे.