ध्रुवची कोरडी पँट

वैदेहीने हातमोज्यांचा दुसरा जोड चढवला आणि नेमका तेव्हाच स्पीकरवरून आवाज आला, तिच्यासाठी बाहेर फोन आहे. आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या त्या औषधांच्या कारखान्यात निर्जंतुक खोलीत शिरायचं म्हणजे टोपी, मास्क, गॉगल, नखशिखांत पांढरा झगा असा जामानिमा करावा लागे, आणि बाहेर पाऊल टाकलं की सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून. आज नव्या इंजेक्शनची पहिली बॅच निघायची होती आणि तिची सूत्रं वैदेहीकडे होती. ती नीट पार पडली की सीनिअरची जागा वैदेहीची, असं तिचा साहेब डोनल याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

फोनवर शाळेची सेक्रेटरी ओर्ला होती. "घाबरू नकोस, सगळं ग्रँड आहे. तुझा ध्रुव डबक्यात बसला. त्याला कोरडी पँट हवीय."

"मग परेशला सांग ना. घर शाळेसमोरच आहे, तो घरूनच काम करतो. त्याचा नंबर पहिला दिलाय."

"हो, पण तो कामात असेल. म्हटलं, त्याला कशाला त्रास."

"मीही कामातच आहे."

"अगं, पण तू आई आहेस ना." ओर्लाने हे इतक्या मायेने म्हटलं की वैदेहीला धड भांडताही येईना.

तिने परेशला फोन लावला. मीटिंगमधून उठायला तो कुरकुरत तयार झाला. "पण पँट कुठेय?"

"हॉट प्रेसमध्ये. गरम पाण्याच्या टाकीशेजारचं कपाट."

"ते कुठेय?"

"आपल्याच घरात, परेश."

वैदेहीने नवा झगा चढवला, गॉगल लावला, आणि स्पीकर पुन्हा बोलला. पुन्हा सगळं उतरवून ती फोनवर आली. ओर्ला आनंदाने सांगत होती, "तुझा नवरा आलाय. काय गोड माणूस आहे! डायनोसॉरचा पायजमा आणलाय त्याने. चालेल का, विचारायचं होतं."

"त्यालाच विचार की."

"विचारलं. तो म्हणाला, आईला विचारा."

हे सगळं डोनल काचेपलीकडून पाहत होता. तो बाहेर आला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू घरी जा. लेकरू पहिलं. बॅच इंद्रनील बघेल."

"लेकरू कोरडं झालंय, डोनल."

"आईचा जीव कळतो मला," डोनल म्हणाला. तिचं वाक्य पुरं होईपर्यंत तिच्या सहकाऱ्याची, इंद्रनीलची, टोपी घालूनही झाली होती. दोन वर्षं जिची वाट पाहिली ती बॅच एका ओल्या चड्डीपायी हातची गेली. आता शाळेत जाऊन सोक्षमोक्षच लावायचा, असं ठरवून वैदेहीने गाडी काढली.

शाळेच्या ऑफिसात परेश खुर्चीवर चहा पीत बसला होता. पुढ्यात बिस्किटांची बशी, भोवती तीन शिक्षिका.

"मीटिंग सोडून आला म्हणे!"

"असे बाप राहिलेत कुठे हल्ली."

पायजम्यातला ध्रुव आईला पाहून चकित झाला. "मॅमी, व्हाय आर यू हिअर? डॅडी केम."

"खरंच की," ओर्ला म्हणाली. "काम टाकून कशाला आलीस?"

वैदेहीच्या तोंडाशी आलेले शब्द मराठी होते, म्हणून शाळा वाचली. तेवढ्यात तिला कोपऱ्यात गारठलेली ज्ञानदा दिसली. इंद्रनीलची मुलगी. डबक्यात ध्रुव एकटा नव्हता.

"हिची आई किलकेनीला गेलीय," ओर्ला म्हणाली. "फोन लागत नाही."

"हिच्या बाबाला कर. तोही माझ्याच कारखान्यात आहे. सकाळपासून फिरवतेस तोच नंबर."

ओर्लाने नाइलाजाने फोन लावला. डोनलचा आवाज साऱ्या खोलीत ऐकू आला. "इंद्रनील? छे, तो महत्त्वाच्या कामात आहे, त्याला नाही उठवता येणार. वैदेही पोचली असेल ना तिथे? ती नेईल पोरीला."

सगळ्या बायका वैदेहीकडे पाहू लागल्या. ती गोड हसली.

"मी कशाला? परेशसारखा बाप लाखात एक, तुम्हीच म्हणालात. तो दोघांनाही घरी नेईल, जेवायला घालेल."

"देवमाणूस," एक शिक्षिका भारावून म्हणाली.

परेशचं बिस्कीट चहात बुडालं. "अगं, पण माझी मीटिंग..."

"कपडे हॉट प्रेसमध्ये आहेत," वैदेही म्हणाली. "आता माहितीय तुला कुठेय ते."

ती कारखान्यात परतली तेव्हा इंद्रनील अजून यंत्रं तपासत होता, बॅच सुरू व्हायची होती. तिने त्याला स्पीकरवरून बाहेर बोलावलं. "ज्ञानदा भिजलीय, माझ्या घरी आहे. तुला कोणी सांगितलं नाही, कारण तू फक्त बाबा आहेस. जा, फोनवर तिच्याशी बोल." इंद्रनील ओशाळून झगा उतरवू लागला आणि वैदेहीने तिसऱ्यांदा हातमोजे चढवले. या वेळी फोन वाजला नाही.

संध्याकाळी डोनलने तिचा हात हातात घेतला. "बॅच झकास झाली. सीनिअरची जागा तुझी. पण मुलांपाशी कोण आहे?"

"परेश."

"दिवसभर? एकटा? दोन मुलांना घेऊन?" डोनलचा चेहरा कळवळला. "बिचारा. तू आता लवकर घरी जा आणि त्याला काहीतरी गरमागरम करून वाढ."