तीन बोटं खाली

कार्यालयाच्या लिफ्टमध्ये उपसंचालक चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये अकरा मिनिटं अडकून पडतात, ही बाब गंभीर आहे. त्यातून लिफ्ट ठणठणीत असेल आणि बंद फक्त लिफ्टमनचे डोळे असतील, तर ती अतिगंभीर होते.

लिफ्ट जुनी, दांड्याची होती. दांडा धरला की चालायची, सोडला की थांबायची. त्या दिवशी स्टुलावर बसल्या बसल्या लिफ्टमनचा हात सुटला. उपसंचालकांनी त्याला हलवून उठवलं का नाही, असा प्रश्न पुढे एकाने विचारला. पण कनिष्ठ कर्मचाऱ्याला उठवणं उपसंचालकांच्या कामात बसत नव्हतं. तक्रार लिहिणं बसत होतं. ती त्यांनी उभ्या उभ्या, भिंतीला कागद लावून लिहिली.

लिफ्टमनला प्रशासन अधिकाऱ्यांपुढे उभं केलं.

"साहेब, चार महिने झाले, डोळ्याला डोळा लागत नाही. बायको गेली. तिला शेवटी शेवटी..."

"शेवटचं नंतर. दांडा सुटला तेव्हा किती वाजले होते?"

"अकरा वीस असतील."

"असतील नको. वाजले होते म्हणा."

"वाजले होते."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं आणि मग त्यांचा चेहरा उजळला, कारण कपाटात एक योजना बिनवापराची पडून होती. 'कर्मचारी चिंतामुक्ती व सुखनिद्रा अभियान, घरगुती स्वयंदाब पद्धती.' अभियानाला सात महिने झाले होते आणि अजून एकही लाभार्थी मिळाला नव्हता. चिंता आहे असं लिहून द्यायला कर्मचारी घाबरत होते.

"एकवीस दिवस घरी स्वतःच्या अंगावरचे झोपेचे बिंदू स्वतः दाबायचे," अधिकारी म्हणाले. "झोपेचा दाखला मिळाला तर लिफ्ट तुमची. नाहीतर तळघरात, जुन्या फायलींवर."

लिफ्टमनने तळघर पाहिलं होतं. तळघरात एक दिवा, एक खुर्ची आणि फायली. लिफ्टमध्ये दिवसाला चारशे माणसं तरी यायची. 'तिसरा' म्हणायची, 'सहावा' म्हणायची. घरी गेल्यावर तेवढंही कोणी म्हणत नव्हतं.

प्रशिक्षक बाईंनी त्याला बिंदू शिकवला. "मनगटाच्या आतल्या बाजूला रेघ दिसते ना? तिथून तीन बोटं खाली, कोपराच्या दिशेनं. दोन शिरांच्या मधोमध. अंगठ्यानं दोन मिनिटं दाबायचं. श्वास सावकाश."

"बाई, ती असताना हाच हात धरून..."

"दुसऱ्यानं धरलेला चालत नाही. पद्धत स्वयंदाब आहे."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. लिफ्टमध्ये पाऊल टाकणारा प्रत्येक जण वैद्य झाला. तळमजल्यावर शिरलेला कारकून दुसऱ्या मजल्यापर्यंत भुवयांच्या मधला बिंदू देऊन उतरायचा. दुसऱ्यावर चढलेल्या टंकलेखिका कानामागचा द्यायच्या. लेखनिक म्हणायचे, तळपायाच्या खळग्यात टेनिसचा चेंडू फिरवा. लिफ्टमनने तोंड उघडून "तिला आधी नुसता खोकला..." म्हणेपर्यंत मजला यायचा. माणसं हळहळल्यासारखा चेहरा करून उतरायची. सल्ला द्यायला दोन मजले पुरतात, ऐकायला सहाही अपुरे पडतात, आणि प्रत्येकाला उतरायचं असतंच.

परगावच्या लेकीनेही लाकडी रोलर पाठवला. फोनवर म्हणाली, "बाबा, तळव्यावर फिरवताय ना?"

"फिरवतो गं. आज तिचं कपाट उघडलं..."

"बाबा, आधी रोलर. मन त्यातच ठेवा."

घरी येऊन तो इमानेइतबारे सगळं दाबायचा. मनगट काळंनिळं झालं, कानामागे सूज आली. झोपेला कसलाही बिंदू सापडला नाही. वर अभियानाने भरायला दिलेली नोंदवही. तिच्यात एक रकाना होता, 'झोप लागल्याची वेळ (त्याच क्षणी स्वहस्ते लिहावी)'. दुसरा होता, 'पती/पत्नीने समक्ष पाहून केलेली सही'.

आठव्या दिवशी अधिकाऱ्यांनी वही तपासली. "सही नाही."

"साहेब, बायको गेली म्हणून तर..."

"तसं त्यांच्याकडून लेखी आणा."

लिफ्टमनने पिशवीतून मृत्यूचा दाखला काढून टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"हा दुसऱ्यांनी दिलेला आहे. यावर त्यांची सही कुठंय? उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल, माझी बायको नाही."

दाखल्यात मृत्यूचं कारणही छापलेलं होतं. अधिकाऱ्यांची नजर त्यावरून फिरली आणि शिक्क्याच्या तारखेवर जाऊन थांबली. शिक्का पुसट होता. पुसट शिक्क्यासाठी वेगळा अर्ज होता.

विसावा दिवस उजाडला. जेवणाच्या सुट्टीत लिफ्ट तळमजल्यावर उभी होती आणि लिफ्टमन स्टुलावर मनगट दाबत बसला होता. सफाईच्या मावशी लिफ्टची फरशी पुसायला आल्या. मावशी कंत्राटी. अभियानाचं प्रशिक्षण फक्त कायम कर्मचाऱ्यांना होतं. देण्यासारखा एकही बिंदू जवळ नसल्यामुळे मावशींची पंचाईत झाली. त्यांनी बादली बाजूला सरकवली आणि विचारलं,

"काय झालं होतं हो वहिनींना?"

लिफ्टमन सांगू लागला. मावशी लादीवर फतकल मारून ऐकत राहिल्या. मध्ये एकदा म्हणाल्या, "अगं बाई!" आणि एकदा, "मग तुम्ही काय केलंत?" यापलीकडे उपचार झाला नाही. पाऊण तास तो बोलला, दोनदा रडला, एकदा चक्क हसला, आणि बोलता बोलता भिंतीला डोकं टेकून झोपला. चार महिन्यांची झोप होती ती. सुट्टी संपली, लिफ्टपुढे रांग लागली, रांगेने हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या, तरी तो उठला नाही. अंगठा सवयीने मनगटावर होता. रेघेपासून तीन बोटं खाली.

चौकशी समिती बसली. मावशींची साक्ष झाली.

"मी काही केलं नाही हो. नुसतं विचारलं."

"विचारणं हे मान्यताप्राप्त बिंदूंच्या यादीत आहे?"

"मला काय ठाऊक? यादी मला कुणी दाखवली?"

मावशींना यापुढे कोणाला काहीही न विचारण्याची लेखी ताकीद मिळाली. अंगठा योग्य जागी असल्याचं दोन साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं, त्यामुळे अभियान यशस्वी झाल्याचं सिद्ध झालं. लिफ्टमन पहिला लाभार्थी ठरला. त्याला झोपेचा दाखला मिळाला आणि कामाच्या वेळेत झोपल्याबद्दल तळघराचा हुकूमही. दोन्ही एकाच कागदावर होते, पाठपोट. 'निरोगी झोपेची नोंद झाल्यामुळे सदर कर्मचाऱ्याची निद्रानाशाची तक्रार यापुढे स्वीकारू नये,' असा शेराही खाली होता.

आता लिफ्टमध्ये नवा माणूस आहे आणि भिंतीवर जुन्या लिफ्टमनचा झोपलेला फोटो. खाली बिंदूची आकृती, बाण आणि तीन बोटं. चढणारे-उतरणारे फोटो बघून आपापलं मनगट चाचपतात. तळघरात दिव्याखाली तो टक्क जागा बसलेला असतो. तिथे लिफ्ट जात नाही.

मावशींना त्याने काय सांगितलं, हे अहवालात नाही. समितीने ते विचारलं नाही.

आपणही इथवर आलात. वाचता वाचता मनगटावर तीन बोटं ठेवून पाहिलीच असतील. तिला नेमकं काय झालं होतं, असं मात्र आपल्या मनात एकदाही आलं नाही. असो. त्या दोन शिरा सापडल्या ना?