कादंबरीचे चार तुकडे

लतिकानं भाजीच्या सुरीनं त्र्यंबककाकांकडून आणलेल्या कादंबरीचे चार तुकडे केले. प्रत एक, लतिका सोडून वाचणारे चार आणि हातात जेमतेम महिना. झेरॉक्स काढायची, तर काकांच्या मते ती सरळसरळ चोरी. शिवाय काका कॅलिफोर्नियात लेकीकडे गेलेले. चर्चा उरकली की सगळं डिंकानं चिकटवून टाकायचं, असा बेत होता. फक्त चिकटवणं चोख हवं होतं. कारण डब्लिनमधल्या या मराठी वाचक गटाकडे वाचायला दुसरं काहीच उरलं नव्हतं, आणि काकांनी सगळ्यांदेखत शब्द दिला होता, "ही प्रत धड परत आली, तर माझ्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली तुझी."

चर्चेच्या दिवशी लायब्ररीच्या खोलीत चकल्या मांडून होतात न होतात, तोच काका दारात!

"फ्लाइट प्रीपोन केली. ही कादंबरी मी दर वर्षी वाचतो. तिची चर्चा चुकवीन होय?"

तुकडे भराभर पर्समध्ये, जॅकेटखाली, टेबलाखाली गडप झाले.

"दादासाहेब म्हणजे काय माणूस आहे!" पहिला तुकडा वाचलेली गिरिजा म्हणाली. "त्याची ती काळी घोडी..."

"पांढरी," काकांनी जागच्या जागी दुरुस्ती केली.

"पण माणूस 'आहे' नाही, 'होता'," दुसऱ्या तुकड्यावाला सौमित्र म्हणाला. "विहिरीत पडला ना, यार."

"छे! शेवटी लग्न करतो तो," अबोली उसळली. शेवटचा तुकडा तिच्या वाट्याचा.

"विहिरीत पडलेला माणूस बोहल्यावर कसा चढेल?" सौमित्रनं विचारलं.

हे फक्त प्रथमेश सांगू शकला असता. तिसरा तुकडा त्याच्याकडे होता. पण ऑफिसचा सर्व्हर बंद पडल्यामुळे तो आलाच नव्हता. सगळे काकांकडे वळले.

काका चष्मा पुसू लागले. "पुस्तक दे, लतिका. पानच काढून दाखवतो."

लतिकानं चकल्यांची ताटली पुढे सरकवली. "ते... घरी राहिलं, काका."

"मग राहू दे, राहू दे!" काका जरा जास्तच घाईनं म्हणाले आणि त्यांनी चकली उचलली. ती निसटून टेबलाखाली गेली. काका वाकले आणि वर आले ते दुसरा तुकडा हातात घेऊन.

किल्ली गेली, गटही गेला, हे लतिकाला कळून चुकलं. तिला रडूच यायला लागलं.

"सॉरी, काका. मीच कापलं."

काकांनी तुकड्याचं शेवटचं पान उघडलं. दादासाहेब विहिरीत पडत होते.

"पुढचा कुणाकडे आहे?"

"प्रथमेशकडे."

"केवढा आहे?"

लतिकानं दोन बोटांनी जाडी दाखवली.

"एवढासाच?" काकांचा चेहरा उजळला. "अगं, दर वर्षी वाचतो मी, पण विहिरीपर्यंतच. पुढचं ते धूड बघितलं की डोळेच मिटतात."

त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली.

"उद्याच ये. आणि येताना ती सुरी आण, कपाटातली बाकीची पुस्तकं याहून जाड आहेत."